पाहुण्यांना गाव दाखवलं

पाहुणे येणार म्हटलं की आमच्या ह्यांच्या अंगात येतं. एरवी हा माणूस सुट्टीच्या दिवशी कोपऱ्यावरून दूध आणायलाही कुरकुरतो. पण काका-काकू येणार कळल्यावर आदल्या दिवशीच बूट पॉलिश केले, माळ्यावरची टोपी काढून झटकली आणि मला बजावलं, "काका फोनवर म्हणालेत, तुमचं गाव एकदा बघायचंय. उद्या त्यांना अख्खं गाव दाखवायचं. काही कमी पडता कामा नये."

"आणि बारकीचं नाटक?" मी विचारलं.

बारकी म्हणजे आमचं शेंडेफळ. शाळेच्या नाटकात तिला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं, म्हातारीचं. महिनाभर पोरगी घरात कमरेत वाकून हिंडत होती. जेवायलाही वाकूनच यायची आणि आपल्याच बापाला "काय रे पोरा" म्हणायची. प्रयोग एकच, उद्या संध्याकाळी. आम्ही यायलाच हवं म्हणून तिनं आमच्याकडून शपथा घेतल्या होत्या.

"दुपारच्या चहापर्यंत गाव संपतं," हे म्हणाले. "पण काकांसमोर नाटकाचं अवाक्षर काढू नकोस हं. त्यांना वाटेल, ह्यांना काम आहे, आपली अडचण होतेय. बिचारे निम्म्यातून उठतील."

मी "बरं" म्हटलं. सासरची माणसं पडली. सुनेनं तोंड उघडलं की हिला पाहुणे जड झाले, असंच होतं.

सकाळी बारकी तालमीला गेली आणि मागोमाग काका-काकू आले. चहा घशाखाली उतरायच्या आत ह्यांनी दोघांना किल्ल्यावर नेलं. आता हे नोकरीला पाणीपुरवठा खात्यात. ह्यांना गाव ठाऊक आहे ते जमिनीच्या खालून. किल्ल्याची कमान बघून काका "वा!" म्हणाले, तर हे म्हणतात, "कमान राहू द्या काका. तुम्ही उभे आहात ना, बरोबर त्याच्या खालून मोठी लाइन जाते. गेल्या वर्षी फुटली होती. काय धबधबा सांगू!" काका बिचारे पायाखाली बघत राहिले. राजवाड्यात राणीचा महाल ह्यांनी भरभर उरकला आणि मागच्या अंगणातला गंजका व्हॉल्व्ह मात्र सावकाश समजावून सांगितला. संग्रहालयात काकू दागिन्यांच्या कपाटापाशी जरा रमल्या होत्या, त्यांना तिथून उठवून खिडकीशी नेलं आणि लांबची टाकी दाखवली. काकूंनी टाकीचंही कौतुक केलं. म्हणाल्या, "गोल आहे नाही का!"

दुपारचा चहा झाला, पण गाव काही संपेना. मी हळूच म्हटलं, "काकू, दमला असाल. घरी जाऊन जरा पडता का?"

"छे गं! आम्ही कसले दमतोय!" काकू म्हणाल्या. चपला त्यांच्या हातात होत्या.

"बघ, ह्या वयात काय उत्साह आहे!" हे म्हणाले. मी डोळे वटारले, कोपरानं ढोसलं, तर मला विचारतात, "डास आहेत का गं इथं?"

मग तोफ झाली. मग जुनी विहीर झाली. मग अशा कुणाची तरी कबर झाली, ज्याचं नाव तिथल्या पाटीलाही माहीत नव्हतं. तिथं काकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, ते ह्यांनी टिपलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका कंटाळले वाटतं. काहीतरी भारी दाखवायला हवं. मनोऱ्यावर नेऊ."

"अहो, मनोरा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला! बस्स झालं आता. पोरगी वाट बघत असेल."

"मग तू सांग त्यांना."

"काका तुमचे, तुम्ही सांगा."

"मी कसं सांगणार?"

असे आम्ही दातओठ खाऊन, पण अगदी हळू आवाजात भांडलो आणि हसत हसत पाहुण्यांकडे परतलो. आग लागो त्या हसण्याला!

मनोऱ्यावर पोचेपर्यंत उन्हं कलली होती. अर्धा जिना चढल्यावर काकू पायरीवरच बसल्या. श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "एक विचारू? राग मानू नका. पोरीचं काम काढून घेतलं का हो?"

"कसलं काम?" हे म्हणाले.

"नाटकातलं. तिनंच तर फोन करून बोलावलं आम्हाला. आजी-आजोबा, याच म्हणाली. त्यासाठी आलो आम्ही. पण तुम्ही सकाळपासून विषयच काढेनात. आम्हाला वाटलं, काम गेलं असेल, रडली असेल पोर. उगाच जखमेवर मीठ कशाला चोळा!"

"पण काका, तुम्ही तर म्हणालात, गाव बघायचंय!"

"अरे, असं म्हणायचं असतं," काका म्हणाले. "पोरीनं बोलावलं म्हणून सांगितलं असतं, तर आम्हाला न विचारता का बोलावलंस म्हणून तुम्ही तिलाच रागावला असता. नाहीतर मला सांग, गुडघे धरून आम्ही कशाला बघायला येतोय तुझ्या पायपा?"

चार मोठी माणसं दिवसभर एकमेकांची मनं सांभाळत उन्हात तडफडली होती. मला इतका संताप आला, की ह्यांची ती टोपी काढून खाली भिरकावावी असं वाटलं. पण तेवढाही वेळ नव्हता. काकूंना दोन्हीकडून धरून आम्ही जिना उतरलो. बारकीला फोन लावला, तर तो बंद. तालमीपासून मुलांचे फोन सरांच्या कपाटात होते. रस्ताभर हे रिक्षावाल्यावर ओरडत होते आणि मी ह्यांच्यावर.

शाळेच्या हॉलमध्ये शिपाई खुर्च्या एकावर एक चढवत होता. पहिल्या रांगेतल्या चार तेवढ्या अजून जागेवर होत्या आणि प्रत्येकीवर 'घरचे' लिहिलेला कागद चिकटवलेला होता. सर म्हणाले, "लोक मागे उभे होते, पण तिनं कुणाला बसू दिलं नाही."

बारकी आतून आली. केसात पांढरी पावडर तशीच होती, तोंड नुकतंच धुतलेलं. काकूंनी तिला जवळ घेतलं, तशी ती मुकाट्यानं उभी राहिली. त्यापेक्षा आदळआपट केली असती, चार शब्द सुनावले असते, तरी मला परवडलं असतं.

दिवसभर अखंड बोलणाऱ्या ह्यांनी टोपी काढून हातात धरली. शेवटी कसंबसं म्हणाले, "कसं झालं गं नाटक?"

बारकीनं आमच्याकडे पाळीपाळीनं बघितलं.

"गावात कुणालाही विचारा, बाबा," ती म्हणाली. "सगळे आले होते."