आराखड्यातलं पाणी

अनुपमा विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. डोंगर-जंगलात माणसं कशी न्यायची आणि सुखरूप परत कशी आणायची, याचं शिक्षण तिथं मिळायचं. एप्रिलमधल्या प्रात्यक्षिकासाठी तिनं मुद्दाम आपल्या कासुर्डी गावाच्या पाठीमागची डोंगररांग निवडली. लहानपणापासून पायाखालची वाट. त्या दिवशी लीडर तीच होती. वर्गातले बारा जण तिच्या मागं आणि गुण द्यायला आलेले विश्वजीत सर सगळ्यांच्या शेवटी.

आराखड्यात तिनं लिहिलं होतं, दुपारचं पाणी पलीकडच्या उतारावर, आनंदरावकाकांच्या विहिरीवर. काकांना फोन करायचा राहून गेला. ती विहीर आटलेली तिनं कधी पाहिलीच नव्हती.

साडेअकराला गोकुळ पुढं तिच्याजवळ येऊन म्हणाला, "जरा सावलीत बसू या का? डोकं जड झालंय."

गोकुळ कारेगावचा, वडील कंपनीत कामाला. वर्गात सगळ्यात काटक तोच, म्हणून दोरांची सॅक त्याच्या पाठीवर होती.

"विहीर अर्ध्या तासावर आहे," अनुपमा म्हणाली. "तिथंच निवांत बसू." वेळेत पोचलं की गुण जास्त, हेही तिच्या डोक्यात होतंच.

विहीर कोरडी होती. तळाला भेगा पडलेला गाळ आणि त्यात रुतलेला प्लास्टिकचा डबा. गोकुळ काठावर बसला आणि तिथं नसलेल्या कुणाशी तरी बोलायला लागला. मग आडवा झाला. अंग तापलेलं, घामाचा थेंब नाही. उरलंसुरलं पाणी त्याच्या अंगावर ओतून, दोरांची झोळी करून त्यांनी त्याला रस्त्यापर्यंत आणलं. दीड तास लागला.

तो वाचला. पण चालताना तोल जायला लागला, हात थरथरायचा, शब्द जड यायचे. उष्माघातानं मेंदूला इजा झालीय, किती भरून येईल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यानं शिक्षण सोडलं.

विद्यापीठाच्या चौकशीआधी विश्वजीत सर तिला म्हणाले, "ऊन अचानक वाढलं, एवढंच लिही. उगाच वर्ष वाया जाईल तुझं." तिनं तेवढंच लिहिलं.

जूनमध्ये ती कारेगावला गेली. गोकुळ खाटेवर बसून हातातला रबरी चेंडू दाबत होता. त्याच्या आईनं, सिंधूबाईंनी, चहा ठेवला.

"ह्याचं वडील म्हणत्यात, अंगात दम न्हाई तर गेला कशाला," त्या म्हणाल्या. "आता ह्यालाबी तसंच वाटाय लागलंय. मीच पाणी कमी प्यालो म्हणतो."

गोकुळ भिंतीकडं बघत राहिला.

अनुपमानं कप खाली ठेवला. "त्यानं मला थांबायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मीच थांबले नाही. विहिरीला पाणी आहे का, तेही आधी विचारलं नव्हतं. चौकशीत मी यातलं काहीच सांगितलं नाही."

बाहेरून कंपनीची बस गेली.

"मी... सांगितलं होतं?" गोकुळनं विचारलं. त्या दिवसातलं त्याला काही आठवत नव्हतं.

"हो. साडेअकराला."

"म्हंजी... मला कळलं होतं."

"सगळ्यांच्या आधी."

सिंधूबाईंनी तिच्यासमोरचा अर्धा भरलेला कप उचलला. "ह्ये त्याच्या वडलांना सांगा. साडेतीनला सुटत्यात. तवर बसा."

ती बसली. गोकुळचे वडील हौसराव कामावरून आले, डबा ठेवला आणि त्यांनी उभ्यानंच सगळं ऐकलं. ते ओरडले नाहीत. पोराशेजारी खाटेवर टेकले, पण त्याच्याकडं बघणं त्यांना जमेना. शेवटी म्हणाले, "लिहून देताल का ह्ये?"

तिनं तिथंच दोन पानं लिहून सही केली. हौसरावांनी ती विद्यापीठात नेऊन दिली. तिचं वर्ष गेलं, गट घेऊन जायची परवानगी गेली. विश्वजीत सर फोन उचलेनासे झाले.

गोकुळ अजून भिंत धरूनच चालतो. कधीमधी त्याचा फोन येतो. त्या सकाळचं सांग म्हणतो. ती सांगते, कुठून निघालो, कोण कुणाची चेष्टा करत होतं, नाश्त्याला काय होतं. तो मध्येच "बास" म्हणतो आणि फोन ठेवतो.