भुंगेकाकांचे हात

जेलच्या पातळ थरावर दोन बँड, म्हणजे पट्टे, स्वच्छ उमटले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना भुंगेकाका आठवले.

प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीने घाईत एक पायरी गाळली होती. भुंगेऱ्यांचा आरएनए, म्हणजे पेशीने जनुकांवरून उतरवून घेतलेली नक्कल, तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर चढवण्याआधी तापवायचा असा प्रयोगशाळेचा नियम. तिने तापवलाच नव्हता. बाई रागावल्या तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, तापवला असता तर एकच बँड आला असता. आरएनएचे मुख्य तुकडे दोन, मोठा आणि लहान. किड्यांमधला मोठा तुकडा मुळातच मधोमध तुटलेला असतो, नुसता चिकटून राहतो. तापला की त्याचे दोन भाग होतात आणि लहान तुकड्याच्या रांगेत जाऊन बसतात. उंदरांचं तसं नसतं."

बाई उंदरांवर शिकलेल्या. सहा वर्षांपूर्वी इथे आल्या त्या तापवायचा नियम घेऊनच. त्याच महिन्यापासून भुंगेकाकांच्या नमुन्यांत एकच बँड यायला लागला. काका प्रयोगशाळेसाठी भुंगेरे पाळायचे, त्यांचा आरएनए काढायचे. "पूर्वी दोन यायचे हो," ते सांगून थकले. पण बाईंच्या हिशोबी एक बँड म्हणजे नमुना सडला, आणि सडायला उघड्या बोटाचा स्पर्श पुरतो. बाईंनी सगळ्यांसमोर सुनावलं, "काका, तुमचे हात घाण आहेत." काकांनी दोन-दोन हातमोजे चढवले, साबणाने कातडी सोलवटून घेतली. बँड एकच. शेवटी 'निष्काळजी' असा शेरा मारून त्यांना घरी बसवलं आणि नऊ वर्षांचे नमुने कचऱ्यात गेले. एवढ्या शिकलेल्या बाईला एकदा पुस्तक उघडून बघायला काय झालं होतं, कोण जाणे.

काका आता एका गोदामाच्या गेटवर पहारेकरी होते. बाई त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. "चूक माझी होती, काका. तुमचे हात स्वच्छ होते."

काका आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. "हात घाण आहेत हे मलाही खरंच वाटलं होतं, बाई. म्हणून तर पुन्हा हाताचं काम धरलं नाही." मग मान वर करून म्हणाले, "हे प्रयोगशाळेत सांगाल? सगळ्यांसमोर?"

पुढच्या महिन्यात बाईंची संचालकपदाची मुलाखत होती. बाई म्हणाल्या, "बघते."

काकांनी गेटवरची वही पुढे सरकवली. "येताना भेटीचं कारण रिकामं सोडलंत. तेवढं भरून जा."

बाईंनी पेन उचललं आणि लिहिलं, 'खाजगी'.