माझ्यावर लिहिलेले शंभर

मित्रांनो, मी एक जुना सोलर सेल आहे. बिस्किटाएवढा, निळा आणि स्वभावाने जरा अस्वस्थ. उजेड पडला की मला स्वस्थ बसताच येत नाही; अंगातून वीज धावू लागते.

माझा जन्म रेडिओ बनवणाऱ्या कारखान्यात झाला. जहाजांना वाट दाखवणाऱ्या भर समुद्रातल्या दिव्यांची बॅटरी बदलायला दर महिन्याला होडी पाठवावी लागू नये, म्हणून तिथल्या इंजिनिअरांनी उन्हावर वीज करण्याचा ध्यास घेतला. सिलिकॉनच्या कितीतरी चकत्या भट्टीतच तडकल्या. माझ्या तुकडीतले दोनच सेल निर्दोष निघाले. मी आणि माझा जुळा भाऊ. आमच्यावर पारदर्शक गोंदाने काच बसवली. भावाला काळ्या पेटीत जपून ठेवले आणि माझ्यावर शंभराचा आकडा लिहून मला प्रयोगशाळेचे माप केले.

रोज सकाळी मला मोठ्या दिव्याखाली ठेवत. मला जोडलेल्या मीटरचा काटा शंभरावर येईपर्यंत दिवा कमीजास्त करत. मग त्याच उजेडात नवे सेल तपासत. कॅल्क्युलेटरमधले, छपरांवरचे, सगळे माझ्यापुढे पास किंवा नापास झाले. "याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई.

पण रोजच्या त्या प्रखर उजेडाने हळूहळू माझा गोंद पिवळा पडू लागला. आत उजेड कमी पोचे, म्हणून शंभर गाठायला दिवा जास्त चढवावा लागे. त्या जादा उजेडात नवे सेल उगीचच हुशार ठरत. मला ते कळत होते, पण सांगणार कसे? मी नुसता तळमळत राहिलो.

मोजणीचे काम एका ताईंकडे होते. एकदा नव्या सेलने मोठा विक्रम केला. दुसऱ्या दिवशी साहेब तो जाहीर करणार होते.

"ताई, आज तरी हसा की!" भट्टीवाले काका म्हणाले.

"काका, दिव्याचा बल्ब पूर्वी वर्षभर टिकायचा. आता चार महिन्यांत उडतो. का?"

"तुमच्या धाकाने!"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी मला आणि माझ्या भावाला गच्चीवर नेले आणि भर दुपारच्या उन्हात शेजारी ठेवले. भावाने शंभर दाखवले. मी ब्याण्णव.

त्यांनी तिथेच उकिडवे बसून मोजणीची वही उघडली. सहा वर्षांच्या आकड्यांखाली त्यांचीच सही होती. मग त्या मला हातात घेऊन थेट साहेबांकडे गेल्या.

"साहेब, विक्रम झालेला नाही. दिवा चढा होता. चूक माझी आहे."

"अहो ताई, उद्याच्या समारंभाचे पाहुणे आजच येऊन बसलेत! परवा सांगितलं तर नाही का चालणार?"

"आज ती चूक आहे, साहेब. परवा ती थाप होईल."

साहेबांनी डोके धरले. पण समारंभ रद्द झाला. सहा वर्षांचे सगळे आकडे ताईंनी पुन्हा मोजायला घेतले, आणि माझी जागा भावाला मिळाली.

मित्रांनो, ज्याच्यावर आपण डोळे मिटून विसंबतो, तोही झिजतो, थकतो. त्याची काच पुसा, त्याला सावलीत विसावा द्या आणि वर्षातून एकदा तरी उन्हात नेऊन विचारा, "बाबा रे, तू बरा आहेस ना?" मला कोणी विचारले असते, तर मी केव्हाच सांगितले असते.

आता माझ्यावरचा शंभराचा आकडा खोडून ताईंनी ब्याण्णव लिहिले आहे. ते वाचून कोणी शाबासकी देत नाही. पण ते खरे आहे.