चौदा नंबरची मान

मोठ्या डॉक्टरांनी माझ्या बाबांना एका कागदापायी घरी बसवलं.

बाबा याच स्कॅन विभागात तंत्रज्ञ होते. इथे पेशंटला शिरेतून किरणोत्सारी साखर देतात आणि तासभर गप्प पडून राहायला सांगतात. जो स्नायू राबतो तो साखर ओढतो आणि स्कॅनमध्ये रोगासारखा चमकतो. म्हणून त्या तासाची नोंद कागदावर करून फाइलीत लावायची असते. एकदा एक बाई तासभर बोलत राहिल्या. बाबांनी तसं लिहिलं. डॉक्टरांनी कागद बघितलाच नाही, मानेत कॅन्सरच्या गाठी आहेत म्हणून ठोकून दिलं. बाईंच्या मानेचं ऑपरेशन उगाच झालं आणि आवाज कायमचा गेला. चौकशीत डॉक्टर खुशाल म्हणाले, कागद नव्हताच. बाबा तेव्हापासून चारचौघांत जात नाहीत. पुढे मी इथेच नोकरीला चिकटले, डॉक्टरांवर दात धरून.

यंदा निरोगी माणसांचे स्नायू किती चमकतात याचा अभ्यास निघाला. डॉक्टर स्वतः हौसेने साखर टोचून घेऊन झोपले आणि फोन खांद्यात दाबून तासभर बोलले. बोलू नका, असं मी नियमाप्रमाणे एकदा सांगितलं. त्यांनी हातानेच हाकललं. दुसऱ्यांदा सांगायला माझं काय अडलं होतं? मी नुसतं लिहीत बसले.

सोमवारी सगळ्यांसमोर त्यांनी स्कॅन वाचायला घेतले. निरोगी आणि आजारी सरमिसळ, वर फक्त नंबर. चौदावा बघून म्हणाले, मानेत पसरलाय, वर्ष काढलं तरी खूप.

"चौदा नंबर तुम्हीच, डॉक्टर."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! त्यांनी त्या तासाचा कागद मागितला.

"कागद नव्हताच," मी म्हणाले.

मी घरी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्यापुढे धरला. जे खरं ते बाबांना सांगा, मग कागद सापडेल, एवढंच म्हटलं. डॉक्टर अडखळत बोलले. कागद होता, मी बघितला नाही, तुमच्यावर ढकललं.

मी फाइल त्यांच्यापुढे सरकवली. आता बाबा त्यांना झोडपतील म्हणून मी कान टवकारले.

"त्या बाईंना सांगितलंत का हे?" बाबांनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी सूड घोकत होते, पण त्या बाईंचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.