बहात्तर पायऱ्या

“क्रेनची किल्ली माझ्या खिशात आहे. चल खाली.”

कुणीतरी माझा खांदा हलवत होतं. मी क्रेनच्या केबिनमध्ये बसल्या जागी घोरत होतो. सकाळचे अकरा वाजले होते, माझा हात लिव्हरवर होता आणि खाली हुकाला तीन टन लोखंडी पाइप लटकत होते.

उठवणारा माझा जोडीदार होता, सगळे त्याला शिट्टीच म्हणायचे. गोदामात तो खालून हातवारे करायचा आणि मी वरून माल हलवायचो. एकवीस वर्षं आमचा संसार असा हातवाऱ्यांवर चालला. माल टेकवण्याआधी दोघं जण जमिनीवर लाकडी ठोकळे मांडतात. त्यांना लटकत्या मालाखाली सोडण्याआधी हा शिट्टी मारणार, आणि मी वरून घंटा दिल्याशिवाय कुणालाही पुढे जाऊ देणार नाही. मी त्याला भित्रा म्हणायचो. त्या दिवशी त्याने तीनदा शिट्टी मारली. घंटा आली नाही. त्याने सगळ्यांना मागे हटवलं आणि बहात्तर पायऱ्या चढून वर आला.

खाली उतरल्यावर साहेबांना त्यानेच सांगितलं, “हा वर झोपतो. आज पहिल्यांदा नाही.”

एकवीस वर्षांची दोस्ती याने मातीत घातली, असं मला वाटलं. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

खरं तर वर्षभर मला त्या पायऱ्या चढवत नव्हत्या. तिसाव्या पायरीला धाप लागायची. मग मी बुटाची नाडी बांधायचं नाटक करायचो. तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत, फुप्फुसं ठणठणीत. इतकी चांगली प्रगतिपुस्तकं मला शाळेतही मिळाली नव्हती. बायको म्हणायची, “अहो, तुमच्या घोरण्याचं काही नाही. ते मध्येच थांबतं ना, तेव्हा माझा जीव जातो.” मी हसण्यावारी न्यायचो.

साहेबांनी सक्तीच्या रजेवर धाडलं, म्हणून झोपेची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, “झोपेत तुमचा श्वास तासाला एक्केचाळीस वेळा बंद पडतो.” त्यांनी नाकावर लावायचा मुखवटा आणि हवेचं यंत्र दिलं. त्या नळीसकट मला पाहून बायको म्हणाली, “सोंडेसकट शोभताय.” आठवड्याभरात एका सकाळी जाग आली, तर डोकं हलकं होतं आणि बायको शेजारी गाढ झोपली होती. किती वर्षं ती माझा श्वास ऐकत जागी राहिली होती, कोण जाणे. मला रडू आलं, लपवत नाही. त्या बाईचे उपकार मी कधी मोजलेच नव्हते.

धाप मात्र गेली नाही. तिचं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. क्रेनची खुर्ची सुटली ती सुटलीच. दोन महिन्यांनी कामावर गेलो तेव्हा स्टोअरमध्ये हातमोजे वाटायचं काम मिळालं. हाती काम आहे आणि माझ्या हातून कुणाचा जीव गेला नाही, याहून मोठं देणं कुठलं?

शिट्टी कुठे दिसेना. साहेबांना विचारलं.

“तो त्या दिवसापासून रजेवर आहे. गुडघे पार गेलेत. डॉक्टरांनी पायऱ्या चढायला आधीच बंदी केली होती. तुम्हाला बोलला नाही?”

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकलो. इथे नाडीचं नाटक कुणासाठी करायचं? वहिनींनी दार उघडलं. तो खाटेवर उशांवर पाय ठेवून पडला होता. मी दारातच भात्यासारखा धापा टाकत उभा.

“बस आधी. दम खा,” तो म्हणाला. “शिव्या नंतर दे. मी कुठे पळून जातोय?”

दम परत आला. उशाशी तेलाची वाटी होती. मी खाली बसलो आणि हाताला तेल घेतलं.

“अरे, हे काय! राहू दे,” म्हणत त्याने पाय मागे ओढून पाहिला. त्याला तो ओढता आला नाही.

मी हळूहळू तेल लावत राहिलो.