उघड्या डोळ्यांची झोप

दोधू उघड्या डोळ्यांनी झोपतो हे त्याच्या बायकोला, शोभाबाईला ज्या दुपारी कळलं, त्या दुपारी तिने आधी त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं. श्वास होता. खाटेवर उताणा पडून तो बारीक घोरत होता आणि डोळे मात्र सताड उघडे, पत्र्याला लागलेले. खालचा ओठ डावीकडे लोंबला होता. तिने त्याच्या तोंडापुढून हात फिरवला. पापणी हलली नाही.

"माय वं!" ती पुटपुटली आणि तळहाताने त्याच्या पापण्या खाली ओढल्या, मेलेल्या माणसाच्या ओढतात तशा. हात काढला की पापण्या परत वर.

उठल्यावर तिने विचारलं तर तो हसला. "कॅमेरानी सवय शे. डोया मिटना का दोनशे रुपया जातस."

तळोद्याच्या अमरचंद शेठच्या गाड्या पपई भरून दिल्लीला जातात, त्यातली एक दोधू चालवतो. कागदात गुंडाळलेली पपई वाटेतच पिकायला लागते, म्हणून गाडी थांबवायची नाही. पूर्वी दोधूच्या जोडीला अक्कलकुव्याकडचा इंद्रसिंग असायचा. एकाने चालवायची, दुसऱ्याने सीटमागच्या फळीवर अंग टाकायचं. मग शेठचा नातू अभिनंदन पुण्याहून शिकून आला आणि प्रत्येक केबिनमध्ये काचेला कॅमेऱ्याची एक काळी डबी चिकटली. डबीचं तोंड ड्रायव्हरकडे. डोळा मिटला की ती किंचाळते आणि इकडे ऑफिसात कळतं. जांभईला शंभर, मिटल्या डोळ्याला दोनशे, फोन उचलला तर पाचशे. आता जागं ठेवायला डबी आहे म्हटल्यावर दुसरा माणूस कशाला पोसायचा? जोड्या फोडल्या. झोपेवर इलाज झोपच असतो, पण ज्याला ती रोज गादीवर मिळते त्याला हे सुचावं कसं!

पगाराचं गणितही असंच. आठवड्याला साडेतीन हजार किलोमीटर भरले तर पूर्ण पगार. रिकामी गाडी परत आणली तर ते किलोमीटर अर्धेच धरायचे, जणू परतीचा रस्ता निम्माच लांब असतो. मंडीत माल उतरायची वाट बघत दिवस गेला तर त्या दिवसाचं काहीच नाही. इंद्रसिंगच्या जांभया पगाराला भारी पडल्या. "मला झोप पुरत नाही," असं तो तोंडावर बोलला, तर शेठ म्हणाला, "मग घरी जाऊन झोप." आता तो तळोद्याहून पहाडात जीप मारतो. दोधूला नोकरी सोडणं जमण्यासारखं नव्हतं. भावांत वाटण्या होऊन त्याच्या वाट्याला जे शेत आलं त्यात ट्रॅक्टर धड वळत नाही. म्हणून तो शिकला. डोळे उघडे ठेवून आत झोपून जायला शिकला. त्याची डबी एकदाही किंचाळली नाही आणि ऑफिसच्या भिंतीवर त्याचा फोटो लागला: महिन्याचा उत्कृष्ट चालक.

पुढच्या फेरीला दोधू गेला आणि शोभाबाईला घास जाईना. दोधूचं घर पाटलाचं, आणि पाटलाच्या घरातली बाई शेठच्या ऑफिसची पायरी चढत नाही. शोभाबाई चढली.

"शेठ, त्यास्ना संगे दुसरा माणूस द्या. नही ते चार दिन घर ऱ्हाऊ द्या. त्या थकी गयात."

अमरचंद शेठने भिंतीकडे बोट केलं. "थकलेल्या माणसाचा फोटो लागतो का, बाई? आणि कॅमेरा दिलाय ना सोबतीला. जेवायला मागत नाही, घरी जातो म्हणत नाही. असा सोबती मला पण मिळाला नाही."

कारकून खो-खो हसले. शेठचा विनोद होता, हसावंच लागतं.

"काकी, बसा तर खऱ्या," अभिनंदन म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. वाईट नसलेल्या माणसांच्याच हातून बरंच वाईट होतं. "काकांना लाइव्ह दाखवतो."

भिंतीवरच्या टीव्हीत चौकटीच चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीत एक ड्रायव्हरचं तोंड, कोपऱ्यात हिरवा ठिपका. अभिनंदनने एक चौकट मोठी केली. दोधू. परतीच्या वाटेवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"इंदूर सोडलं त्यांनी. आता मानपूरचा घाट. बघा, डोळे कसे टक्क उघडे! हिरवा ठिपका. एकदम अलर्ट."

शोभाबाईने डोळे पाहिले नाहीत. तिने ओठ पाहिला. खालचा ओठ डावीकडे लोंबला होता.

हे बोलून दाखवावं तर संध्याकाळपर्यंत दोधूच्या हातून किल्ली गेली, इंद्रसिंगची गेली तशी. न बोलावं तर घाट समोर. तिने पदराखाली मोबाईल धरला आणि बटण दाबलं.

टीव्हीतला दोधू दचकला. स्टिअरिंगला हिसका बसला, मान ताठ झाली, ओठ मिटला. हात फोनकडे गेला आणि ठिपका लाल झाला. ऑफिसभर टूंटूं वाजायला लागलं.

"अरे, काका फोन घेतायत! कोणाचा फोन..." अभिनंदनची नजर तिच्या पदरावर आली.

"मन्हा," ती म्हणाली.

शेठने कपाळाला हात लावला. "बाई, चालत्या गाडीत नवऱ्याला फोन करतात का? मरेल ना तो!"

शोभाबाईने त्याच्याकडे पाहिलं. हसावं की रडावं तिला कळेना. "पाचशे लिखी टाका," एवढंच बोलली आणि पायरी उतरली.

दोधू घरी आला तो तापूनच. चपलाही काढल्या नाहीत.

"भर ऑफिसमा बशीसन माले फोन करस? लाज नही वाटनी तुले? पाचशे गयात, मन्हा फोटो काढी टाका त्यास्नी!"

"तुम्ही झोपेल व्हतात."

"मी जागा व्हतू! कॅमेरा काय खोटं बोली?"

"मंग सांगा, इंदूर सोडानंतर काय दिसनं?"

"काय दिसनं म्हंजे? रस्ता दिसना. मंग तुन्हा फोन वाजना."

"मधमा?"

"मधमा..." त्याने तोंड उघडलं. टोल आठवेना, ढाबा आठवेना, एखादं ओव्हरटेक आठवेना. इंदूरचा पूल आणि फोनची रिंग, मधला सगळा रस्ता कोणी कापून नेल्यासारखा. तो हळूच उंबऱ्यावर बसला. बोलला तेव्हा आवाज उतरला होता.

"मंग काय करू? शेठले सांगू का मी झोपस? इंद्रसिंगगत किल्ली दी टाकू?"

"मी फोन करत जासू. तुम्ही उचलू नका. नुसता वाजू द्या."

त्याने मान हलवली. "घाट उना का कर."

एवढीच सोय झाली होती त्या घराची. तीही टिकली नाही. दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हरांच्या ग्रुपवर अभिनंदनचा नवा नियम आला: 'घरच्यांच्या फोनमुळे चालकांचं लक्ष विचलित होतं. आपल्या सुरक्षेसाठी यापुढे फोन बंद करून केबिनमधल्या पेटीत ठेवावा. पेटीचं कुलूप गाडी थांब्यावर उभी राहिल्यावरच उघडेल.' खाली हात जोडल्याचं चित्र.

दोधूने तो शोभाबाईला वाचून दाखवला, पपई भरायला निघताना. तिने डबा दिला, त्याने घेतला.

त्या फेरीला तिने फोन लावून पाहिला. बंद. परत लावला. बंद. दिल्लीहून उलटी फिरलेली गाडी इंदूरजवळ आल्याचं कळलं तशी ती आंघोळ करून ऑफिसात जाऊन बसली. टीव्हीसमोरच्या बाकावर, एका टोकाला.

"काय काकी, सिरियल बघायला आल्या?" एक कारकून म्हणाला. "हिरो तुमचाच आहे."

"बसू दे रे," अभिनंदनने तिच्यासाठी चहा मागवला. चहावर साय धरली. तिची नजर एकाच चौकटीवर. दोधूने इंदूरला चहा प्यायला असावा, कारण चेहरा जरा ताजा होता. शहर मागे पडलं, घाट जवळ आला. त्याने दोनदा मान झटकली. गालावर चापट मारून घेतली. शोभाबाईने पदराचं टोक मुठीत गच्च धरलं.

मग चापट मारणं थांबलं. डोळे उघडेच होते. खालचा ओठ सावकाश, अगदी सावकाश, डावीकडे उतरला.

"भाऊ," ती उठली, "त्यास्ले उठाडा."

"कोणाला?"

"त्या झोपेल शेतस! फोन लावा, पोलीसले सांगा, कोनले बी सांगा, पन उठाडा त्यास्ले!"

बोलली. आता किल्ली गेली तर गेली.

अभिनंदनने चौकट मोठी केली, वाकून पाहिलं आणि हसला. "काकी, हिरवा आहे ना ठिपका. डोळे बघा त्यांचे. झोपेत कोणी गाडी चालवतं का?" मागे शेठ म्हणाला, "बाईचं डोकं फिरलंय. पाणी द्या तिला."

कोणी पाणी आणायला गेलं. शोभाबाई बाक ओलांडून टीव्हीपाशी पोचली आणि काचेवर तळहात आपटायला लागली. बांगडी फुटली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर कधी तिच्या जिभेवर आलं नव्हतं. मतदानाच्या वेळी विचारलं तेव्हाही तिने ते दुसऱ्याला सांगायला लावलं होतं.

"दोधू!" ती ओरडली. "ए दोधू! ऊठ! ऊठ रे, दोधू!"

चौकटीत ठिपका हिरवा होता. दोधू उघड्या डोळ्यांनी तिच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या तोंडावरून घाटातल्या झाडांच्या सावल्या सरकत होत्या, भराभर, मग आणखी भराभर.