लपायचं ऑटोभाडं

शाळेची फी म्हणजे घरचं माणूस. तिचा स्वभाव करुणाला चांगला ठाऊक होता. सुगत तुमसरकडच्या खाणीवर मँगनीजचा ट्रक चालवायचा आणि आठवड्याला एकदा सानगडीला घरी यायचा. त्याच्या पगारातून फीचे हप्ते बरोबर निघायचे. जीव घ्यायचे ते पाहुणे: परीक्षा फी, ओळखपत्र, उपक्रम निधी, शाळेचा शिक्का असलेल्या वह्या. हे न सांगता यायचे आणि जेवल्याशिवाय हलायचे नाहीत.

या जुलैत ते सगळे एकदमच आले. तिसरीतल्या प्रतिक्षाच्या डायरीत चिठ्ठी चिकटवलेली होती. सव्वीसशे रुपये, महिनाअखेरच्या आत. नाही भरले तर घटक चाचणीला बसता येणार नाही.

"मम्मी," प्रतिक्षानं विचारलं, "बसता नाई येनार म्हंजे उभं राहून लिहाचं का?"

करुणा हसली. पण त्या दिवशी तिला भाकर काही गोड लागली नाही. सुगतला सांगावं तर तो जादा खेपा मागून घेणार, आणि झोप डोळ्यांवर घेऊन घाटातून ट्रक काढणार. त्यापेक्षा आपले हात काय वाईट आहेत? रोवणीचे, म्हणजे धान लावणीचे दिवस होते. धानाचे पऱ्हे, ती कोवळी रोपं, लावायला बाई मिळत नव्हती, आणि करुणाची बोटं तर फ्रॉक घालायच्या वयापासून चिखलात तयार झालेली.

अडचण वेगळीच होती. ॲडमिशनच्या दिवशी मॅडमनं विचारलं होतं, आई काय करतात? करुणानं ठेवणीतली साडी सावरत 'हाऊसवाइफ' म्हणून सांगितलं होतं. शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या सगळ्याच मम्म्या तशा दिसायच्या. इस्त्रीच्या, पर्सवाल्या. त्यांच्यात आपल्या पोरीची मम्मी धानाच्या बांधीत, चिखलात वाकलेली दिसू नये, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून प्रतिक्षाची व्हॅन गेली की ती साकोलीच्या बाजूला ऑटोनं जायची. तिथल्या शिवारात तिला ओळखणारं कुणी नव्हतं.

"गावात का बांध्या कमी हायेत व?" सासू वच्छलाबाई म्हणायच्या. "जाऊन येऊन चाळीस रुपये कायले घालते त्या ऑटोवाल्याच्या डोक्यावर?"

"गावात शाळेवालं कोनी पाहिन तं?"

"पाहिन तं पाहिन. रोवणी करून राहिली तू, चोरी नाई करून राहिली."

बोलायच्या तेवढं बोलायच्या, आणि संध्याकाळी मेंदी वाटून घ्यायच्या. दिवसभर चिखलात राहून पायाच्या बोटांच्या बेचक्या सडतात, त्या चिखल्यांवर मेंदीसारखं औषध नाही. करुणा पाय पसरून बसायची, सासू बोटाबोटांत लगदा भरायची, आणि प्रतिक्षा पाढे म्हणता म्हणता मध्येच वाकून फुंकर घालायची. झोंबलं की करुणा तोंड फिरवायची. पोरीला वाटायचं, आपल्या फुंकरीनंच बरं वाटतंय.

रोज अडीचशे. त्यातून चाळीस ऑटोला. वाण्याचे, दुधाचे वजा जाता हिशेब काही पुढे सरकत नव्हता. महिना मात्र सरकत होता.

अशातच पालकसभा आली.

हॉलमध्ये नवी फरशी बसवली होती, म्हणून चपला बाहेर काढायला लावल्या. खाली सतरंज्या. करुणा मागच्या रांगेत बसली आणि तिनं पाय साडीखाली ओढून घेतले. तळवे लपले, पण लालभडक बोटं बाहेरच राहिली. लग्नसराई नाही, सण नाही. कुणी विचारलं तर काय सांगावं याची ती मनात जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात तिची नजर शेजारी गेली.

शेजारी अंकुशची मम्मी बसली होती. रीता. साकोलीच्या पेठेत तिच्या सासऱ्याचं लुगड्यांचं जुनं दुकान. फाटकाशी सगळ्यांत कडक इस्त्री तिची असायची. हातांवर मेंदीचा ठिपका नाही, आणि पायाची बोटं बेचक्यांसकट लाल.

करुणानं पुढच्या रांगेत पाहिलं. त्या रांगेतही लाल पायांच्या दोन जोड्या. त्याच्या पुढे आणखी तीन जोड्या, घाईघाईनं पदराखाली जाणाऱ्या. तिला हसू फुटू लागलं.

समोर प्राचार्या मॅडम बोलत होत्या. पंधरा ऑगस्टला तिसरीच्या मुलींचा रोवणी डान्स ठेवलाय. ड्रेस नागपूरहून भाड्यानं येतील, त्याचे सातशे रुपये वेगळे. त्यांनी मोबाइल उंच धरून फोटो दाखवला. गुलाबी लुगडं, त्यावर टिकल्या, कमरेला चांदीसारखा पट्टा.

रीताच्या नाकातून एक आवाज निघाला. तिनं पदर तोंडात कोंबला. करुणानं तिच्याकडे पाहिलं, तिनं करुणाच्या पायांकडे, आणि मग दोघींच्यानं काही आवरेना. मॅडमना वाटलं, ठसका लागला. त्यांनी पाणी पाठवलं.

बाहेर चपला शोधताना रीता हळूच म्हणाली, "प्रतिक्षाची मम्मी, तुमच्या घरी लगन हाय वाटते?"

"हो ना. तुमच्या घरचंच आमंत्रण आलं नाई अजून."

"कोनत्या शिवारात हाय लगन?"

"साकोलीकडं. तुमचं?"

रीतानं इकडंतिकडं पाहिलं. "सानगडीले," ती म्हणाली. "तुमच्याच गावात जातो मी रोज. साकोलीत सासरे पाहतीन म्हनून. दुकानात आता गिऱ्हाईक फिरकत नाई ताई, पन पेठेत नाव हाय ना."

म्हणजे रोज सकाळी ही बाई इकडून तिकडं आणि ती बाई तिकडून इकडं, एकाच रस्त्यानं, तोंडाला दुपट्टा बांधून, एकमेकींपासून लपायला. दोघींचे मिळून ऐंशी रुपये रोज. करुणा तिथंच पायरीवर बसली. इतके दिवस ती भाजीत कात्री लावत होती, साबणात लावत होती, आणि सगळ्यांत मोठा खर्च तर लाजेचा निघाला.

"आपुन गुत्ता घेऊ," ती म्हणाली. "रोजानं कायले जाचं? एकराचा भाव ठरवू. पुढच्या रांगेतल्या त्या लाल पायवाल्याईले पन बोलवा."

त्या लाल पायवाल्या पायरीपाशीच घुटमळत होत्या. बोलवावंही लागलं नाही. सगळ्या मिळून सात झाल्या.

सानगडीत वासुदेवरावांची पाच एकर धानाची शेती रस्त्याला लागून होती. मजूर नाही म्हणून पऱ्हे वाढून चालले होते. ते ओसरीत बसूनच म्हणाले, "कॉन्व्हेंटच्या मम्म्या रोवणी करतीन? फोटो काढाले आल्या का बापा?"

"फोटोचे वेगळे पैसे लागतीन, काका," रीता म्हणाली. "रोवणीचे एकरी साडेचार हजार."

"चार."

"चारात ओळी वाकड्या येतात," करुणा म्हणाली. "तुमचे पऱ्हे पिवळे पडून राहिले, आमी पाहून आलो. आज हो म्हना, उद्या उतरतो."

वासुदेवरावांनी कानाची पाळी चोळली. घरातून त्यांची बायको धुरपता ओरडली, "द्या ना त्याईले. मागच्या साली चारात घेतलेल्या टोळीनं अर्ध्यातून पळ काढला, ते विसरले का?"

साडेचार ठरले.

दुसऱ्या दिवशी साकोलीची आणि सानगडीची पोरं घेऊन व्हॅन त्याच रस्त्यानं शाळेकडं गेली. सात जणी ओणव्या, नवऱ्यांचे जुने शर्ट अंगात, डोक्याला दुपट्टे. करुणाला आणखी वाकून लपावंसं वाटलं, पण ती सरळ उभी राहिली आणि तिनं चिखलानं भरलेला हात वर केला. खिडकीतून प्रतिक्षा डोक्यापासून कमरेपर्यंत बाहेर आली. "ते माही मम्मी होय," तिचा आवाज बांधीवरून आला, "पयल्या ओळीत, पयली." कुणीतरी तिला आत ओढलं. मग दुसरं डोकं बाहेर आलं, ते अंकुशचं.

दुपारी ढग दाटायचे, कंबरा धरायच्या, जळवा निघायच्या. पण काम आपलं होतं, मुकादम नव्हता, ऑटोची घाई नव्हती. पाच एकर हिरवे होत गेले. वासुदेवरावांनी अर्ध्याच्या वर काम झाल्यावर पाचही एकरांचे पैसे मोजून दिले, वर शेजाऱ्याचे दोन एकर मिळवून दिले.

महिनाअखेरच्या आदल्या दिवशी सात जणी शाळेच्या ऑफिसात एकदमच शिरल्या. परीक्षा फी भरली, ओळखपत्राचे, उपक्रमाचे, वह्यांचे भरले. क्लार्कनं पावत्या फाडल्या आणि म्हणाला, "आन् ड्रेसचे सातशे?"

"ते नाई देनार," करुणा म्हणाली. "ड्रेस घरून येईल."

आतून मॅडम आल्या. "घरून कसा येईल, ताई? रोवणीचा ड्रेस आहे."

करुणानं टेबलाकडं पाहिलं. ॲडमिशनच्या दिवशी हीच खोली होती, हेच टेबल. "आमी घालतो ना मॅडम," ती म्हणाली. "रोजच घालतो. मी रोवणी करतो. या पन करतात. पोरींच्या मापाचे शर्ट घरी हायेत, लुगड्याचे तुकडे रीताताईच्या दुकानात पडून हायेत. टिकल्या तेवढ्या नाई भेटनार."

मॅडमनी सातही जणींकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि बराच वेळ हसल्या, मोकळं. "त्या फोटोतलं मलाही काही पटत नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझी आजी लाखांदूरकडं रोवणी करायची. सातशे रद्द. पण मग डान्स बसवायलाही तुम्हीच या. आमच्या डान्सच्या सरांना वाकायचंच कळत नाही."

चाचणीच्या दिवशी सात जणींची गँग शेवटच्या बांधीत होती. करुणानं पऱ्ह्याची मूठ हातात धरली आणि ती तशीच थांबली. गणिताचा पेपर सुरू झाला असेल. सातही जणी एकामागून एक उभ्या राहिल्या, शाळेकडं तोंड करून.

"का झालं व बायांनो?" वासुदेवरावांनी शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून विचारलं.

"काई नाई काका," करुणा म्हणाली. "पोट्टे बसले आमचे."

आणि ती वाकली. पाठोपाठ बाकीच्या वाकल्या, आणि रीतानं कधी नव्हे ते मोठ्यानं गाणं धरलं, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं.